विद्यापीठाच्या खरेदी समितीला खुलं पत्र : आमची अँटीबॉडी 'सर्वात कमी दरा'त घेऊ नका

मा. खरेदी समितीचे सगळे सदस्य, भांडार विभाग आणि वित्त विभाग,

सप्रेम नमस्कार.

मी तुमच्याच विद्यापीठात प्राणीशास्त्रात पीएचडी करते, चौथं वर्ष चालू आहे. मागच्या सोमवारी नोटीस बोर्डावर तुमचं परिपत्रक लागलं आणि ते वाचून मला दोन रात्री नीट झोप लागली नाही म्हणून हे लिहायला बसले. विद्यापीठाचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये. कुणाची बदनामी करायची नाही, आणि मराठवाड्यात जिथं जिथं माझ्या मैत्रिणी लॅबमध्ये काम करतात तिथून सगळीकडून हेच ऐकायला येतं, त्यामुळं हे एकट्या माझं गाऱ्हाणं नाही.

परिपत्रकात लिहिलंय की यापुढं 'काचसामान, रसायने, अँटीबॉडी व तत्सम वस्तू' वर्षातून दोनदाच एकत्र खरेदी होणार, मागणीपत्रात कंपनीचं नाव आणि कॅटलॉग नंबर लिहायचा नाही, नुसतं वस्तूचं नाव लिहायचं, ज्याचा दर सगळ्यात कमी त्याला ऑर्डर, आणि एकदा उघडलेला माल परत होणार नाही. बीकर, मीठ, टिश्यू पेपर यांच्यासाठी हे चालेल, माझं काही म्हणणं नाही. पण त्या यादीत अँटीबॉडी (म्हणजे हजारो प्रोटीनांतलं नेमकं एक ओळखून त्याला चिकटणारं द्रव्य) हा शब्द ज्यानं घातला त्यानं आमच्यापैकी एकाला तरी विचारायला पाहिजे होतं.

मी या विषयात कशी आले ते आधी सांगते. आमचं गाव औसा तालुक्यात. लहानपणापासून बघत आले, शेतीची थ्री फेज लाईट एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. रात्रीच्या आठवड्यात बाबा साडेदहाला जेवून बॅटरी आणि काठी घेऊन निघायचे, हरभऱ्याला नाहीतर उसाला पाणी द्यायचं, मध्येच लाईट गेली की मोटारीपाशीच बसायचं, पहाटे चिखलानं भरलेले पाय घेऊन घरी. मग दिवसा झोप नाही, कारण दिवसाची कामं कोण करणार. शेहेचाळिसाव्या वर्षी त्यांना शुगर निघाली. रात्रीच्या पाण्यानंच शुगर झाली असं मी म्हणत नाही, एका माणसावरून तसं म्हणता येत नसतं. पण प्रश्न माझ्या डोक्यात तिथून शिरला. बीडची ऊसतोडीची माणसं पहाटे तीन-चारला फडात उतरतात, जालन्याच्या स्टील कारखान्यांत रात्रपाळी चालते, म्हणजे आपल्या मराठवाड्यात लाखो लोकांचं शरीर एक सांगतं आणि काम दुसरं सांगतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं २००७ मध्येच रात्रपाळीच्या कामाला 'बहुधा कर्करोगकारक' गटात टाकलंय आणि २०१९ मध्ये परत तपासून तिथंच ठेवलंय. हा अभ्यास आपल्या विद्यापीठात नाही करायचा तर कुठं करायचा?

आता थोडं शास्त्र, कंटाळा करू नका, कारण हे समजल्याशिवाय पुढचं पटणार नाही.

आपल्या जवळपास प्रत्येक पेशीत एक घड्याळ असतं. क्लॉक आणि बीमल-वन ही दोन प्रोटीनं जोडीनं डीएनएवर बसतात आणि पिरियड आणि क्रिप्टोक्रोम ही जनुकं चालू करतात. त्यातून पिरियड आणि क्रिप्टोक्रोम प्रोटीनं तयार होतात, साठत जातात, पेशीच्या केंद्रकात परत जातात आणि ज्या जोडीनं आपल्याला चालू केलं तिलाच थांबवतात. मग हळूहळू ती प्रोटीनं मोडतात, जोडी मोकळी होते, परत पहिल्यापासून सुरू. हा फेरा साधारण २४ तासांचा. १९७१ मध्ये फळमाशीत पिरियड जनुकाचा पहिला सुगावा लागला, १९८४ मध्ये ते जनुक हाती आलं, आणि २०१७ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल हॉल, रॉसबॅश आणि यंग या तिघांना याच कामासाठी मिळालं. माझं काम यातल्या पिरियड-२ या प्रोटीनवर आहे, लॅबमध्ये आम्ही त्याला पर-टू म्हणतो. अमेरिकेत युटामध्ये एक कुटुंब सापडलं होतं, त्यातली माणसं संध्याकाळी साडेसातच्या सुमाराला गाढ झोपायची आणि पहाटे साडेचारला टक्क जागी. २००१ मध्ये कळलं की त्यांच्या पर-टूमध्ये एकच अमिनो आम्ल बदललेलं आहे, ६६२ व्या जागेवरचं. हजाराच्या वर मण्यांच्या माळेत एक मणी बदलला आणि माणसाची रात्र बदलली, हे मी एमएस्सीला वाचलं आणि तिथंच ठरवलं की यावरच काम करायचं.

पण पर-टू डोळ्याला दिसत नाही. यकृताचा तुकडा वाटला की त्यात हजारो प्रोटीनं असतात, त्यातलं नेमकं पर-टू किती, सकाळी किती, रात्री किती, हे दाखवणारी एकच गोष्ट आमच्याकडं असते, ती म्हणजे अँटीबॉडी. सशाला पर-टूचा तुकडा टोचतात, सशाचं शरीर त्याला ओळखणारं प्रोटीन तयार करतं, ते रक्तातून वेगळं करून इवल्याशा बाटलीत येतं, १०० मायक्रोलिटर, म्हणजे दोन थेंब म्हणा. ती बाटली पर-टूलाच चिकटली तर माझा सगळा अभ्यास खरा. भलत्याच प्रोटीनला चिकटली तर मी चार वर्षं भलत्याचीच मोजदाद करतेय. आणि दोन कंपन्यांच्या बाटल्यांवर 'अँटी पर-टू' हेच नाव असलं तरी ससा वेगळा, टोचलेला तुकडा वेगळा, त्यामुळं आतला माल वेगळा. इतकंच काय, एकाच कंपनीचा एका सशाचा लॉट संपला की पुढच्या सशाचा लॉट तसाच निघेल याचीही हमी नसते. म्हणून आम्ही कॅटलॉग नंबर आणि लॉट नंबर लिहितो. दुकानदाराशी साटंलोटं असतं म्हणून लिहीत नाही हो.

तुमच्यापैकी निम्मे सर शेतकऱ्याच्या घरचे आहेत, मला माहितीये. सोयाबीनचं बियाणं घेताना तुम्ही दुकानात 'सोयाबीन द्या, सगळ्यात स्वस्त कुठलं' एवढंच म्हणता का? वाण विचारता, लॉट बघता, टॅगवर उगवणशक्ती ७० टक्के आहे का बघता, पेरल्यावरही पोतं, टॅग आणि पावती जपून ठेवता. २०२० च्या खरिपात आपल्याकडं सोयाबीन उगवलंच नाही म्हणून किती तक्रारी झाल्या, दुबार पेरणी करून माणसं मेटाकुटीला आली, सगळ्यांना आठवत असेल. तेव्हापासून बाबा न चुकता १०० दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवतात, किती उगवले ते मोजतात, मगच रान पेरतात. माझी मागणी त्या गोणपाटाएवढीच आहे.

आता माझ्या बाबतीत काय झालं ते सांगते.

मी सप्टेंबरमध्ये मागणीपत्र दिलं, कॅटलॉग नंबरसकट, त्या नंबरची अँटीबॉडी इतर लॅबच्या पेपरांमध्ये वापरलेली होती आणि पर-टू नसलेल्या उंदरावर तपासलेली होती. फाईल चार टेबलं फिरली. जानेवारीत तुलनात्मक तक्ता झाला, त्यात माझ्या नंबरवर रेघ मारून 'समतुल्य' असं लिहिलं आणि ४६ हजारांच्या जागी १८ हजारांची बाटली ठरली. समतुल्य कुणी ठरवलं, कशावरून ठरवलं, हे मी तीनदा विचारलं. उत्तर एकच, दोन्हीचं नाव सारखं आहे मॅडम.

बाटली आली मे महिन्यात, शुक्रवारी संध्याकाळी. बाहेर ४२ डिग्री. कुरिअरवाल्यानं आवक विभागात खोका दिला, मामांनी सही करून कपाटावर ठेवला, शनिवार रविवार सुट्टी. मला कुणी फोन केला नाही, खोक्यावर माझा नंबर लिहिलेला होता तरीही. सोमवारी खोका भांडारात गेला, तिथं तो पाण्याच्या बाटल्यांच्या फ्रीजमध्ये ठेवला, मग साठा नोंदवहीत नोंद, मग देयकाची प्रत, आणि बाटली माझ्या हातात आली तेव्हा नववा दिवस होता. खोका उघडला तर बर्फाच्या पिशव्या पार वितळलेल्या आणि लेबलवर ओल येऊन लॉट नंबर अर्धा पुसलेला. मामांवर माझा अजिबात राग नाही, त्यांना कुणी सांगितलेलंच नाही की यात काय असतं. त्या तीन दिवसांनी अँटीबॉडी खराब झाली असंही मी छातीठोक म्हणू शकत नाही, काही टिकतात. पण कळायला मार्गच नाही ना, तापमानाची कसलीच नोंद नाही.

मग प्रयोग. हे जरा सविस्तर सांगते कारण कागदावर हे 'नमुना संकलन' एवढंच दिसतं. उंदरांच्या खोलीत सकाळी ६ ला लाईट लागते आणि संध्याकाळी ६ ला बंद होते, दोन आठवडे त्यांना त्या वेळेत रुळवायचं. मग एका दिवसात दर ४ तासांनी ४ उंदीर, असे सहा टप्पे, २४ उंदीर. रात्री १० चा आणि २ चा टप्पा पूर्ण अंधारात करायचा, फक्त मंद लाल बल्ब, मोबाईलचा टॉर्चसुद्धा लावायचा नाही, कारण रात्रीच्या पांढऱ्या उजेडानं घड्याळ हलतं. मुलगी म्हणून रात्री विभागात थांबायला वेगळी परवानगी, वॉचमन काका दर तासाला दार वाजवून 'ताई आहात ना' विचारायचे. त्या लाल उजेडात उंदीर हातात घेतला की त्याच्या काळजाची धडधड बोटांना लागते. प्राणी नैतिकता समितीला मी लिहून दिलंय की कमीत कमी जीव वापरू आणि एकही वाया जाऊ देणार नाही. ते मी फॉर्म भरायचा म्हणून लिहिलेलं नाही.

ब्लॉट म्हणजे नमुन्यातली प्रोटीनं जेलमध्ये वजनानुसार वेगळी करायची, ती मेम्ब्रेन नावाच्या पातळ पडद्यावर उतरवायची (हेच ट्रान्सफर) आणि वर अँटीबॉडी लावायची, ती जिथं चिकटते तिथं पट्टी दिसते. आणि निकाल काय, तर पर-टू साधारण १३५ किलोडाल्टनचं (हे प्रोटीनच्या वजनाचं माप) प्रोटीन, फॉस्फेट चिकटल्यामुळं जेलवर अजून थोडं वरच दिसतं, आणि उंदराच्या यकृतात ते दिवसा कमी आणि रात्री भरपूर असतं. माझ्या ब्लॉटवर १३० च्या वर काहीच नाही, खाली ६० च्या आसपास एक जाडजूड पट्टी, सहाही टप्प्यांत सारखीच जाड. सकाळ नाही, रात्र नाही, घड्याळच नाही. तीन महिने मी स्वतःलाच दोष देत बसले, अँटीबॉडी भलतीकडं चिकटू नये म्हणून लावतात ती दुधाची पावडर बदलून बीएसए हे गाईच्या रक्तातलं प्रोटीन घेतलं, अँटीबॉडी ५०० पट, हजार पट, दोन हजार पट पातळ करून बघितली, ट्रान्सफर रात्रभर केलं, बफर चारदा नवीन केलं. गाईड सर म्हणले तुझा हात अजून बसलेला नाही. मलाही तेच वाटायला लागलं होतं.

शेवटी हैदराबादच्या एका लॅबमधल्या ताईंना मेल केला, ओळख ना पाळख. त्या म्हणल्या ये घेऊन जा. मी देवगिरी एक्स्प्रेसनं गेले आणि देवगिरीनंच परत आले, मांडीवर थर्मास, त्यात बर्फ, बर्फात दोन इवल्या ट्यूब. एकीत मी सप्टेंबरमध्ये मागितलेल्या त्याच नंबरची १५ मायक्रोलिटर अँटीबॉडी, दुसरीत पर-टू जनुक काढून टाकलेल्या उंदराच्या यकृताचा अर्क. परभणीला चहावाल्याकडून बर्फ मागून परत भरला. दुसऱ्या दिवशी तेच माझे जुने नमुने, तोच माझा हात, तेच बफर. फोटो आला तेव्हा मी खुर्चीवरून उठून उभी राहिले. १३० च्या वर पट्टी, दुपारी जेमतेम दिसेल अशी, रात्री १० ला आणि २ ला ठसठशीत, सकाळी परत फिकी. आणि पर-टू नसलेल्या उंदराची लेन, म्हणजे ब्लॉटवरचा त्याच्या नमुन्याचा रकाना, त्या जागी कोरी. मग तुमची १८ हजारांची बाटली त्याच अर्कावर लावली. ६० ची पट्टी जशीच्या तशी. ज्या उंदराच्या अंगात पर-टू बनतच नाही त्यात ती कशाला चिकटली? काहीतरी वेगळंच धरतेय ती, पर-टूला तिची ओळखच नाही.

दोन्ही फोटो लावून मी रीतसर अर्ज दिला. उत्तर आलं, 'सदर माल तपासणीअंती स्वीकारण्यात आलेला असल्याने प्रकरण नस्तीबद्ध करण्यात येत आहे.' तपासणी म्हणजे काय, तर बाटली फुटलेली नाही एवढं बघून सही. पुरवठादार म्हणाला तक्रार ७ दिवसांत करायला पाहिजे होती. बाटली माझ्या हातात नवव्या दिवशी आली, मी सातव्या दिवशी तक्रार कशी करणार होते, हे मला कुणीतरी समजावून सांगा.

२८ हजार वाचले असं तक्त्यात दिसतंय. तीन महिन्यांची केमिकल्स, मेम्ब्रेन, माझी फेलोशिप, हे त्या तक्त्यात कुठंच नाही. आणि हे काही आपल्याकडचंच नाही, २०१५ मध्ये 'नेचर'मध्ये शंभराच्या वर शास्त्रज्ञांनी सह्या करून लिहिलं होतं की खराब अँटीबॉडींवर जगात दरवर्षी अंदाजे ८० कोटी डॉलर वाया जातात. २०१६ मध्ये तज्ज्ञांनी अँटीबॉडी पारखायच्या पाच पद्धती मांडल्या, त्यातली पहिलीच ही, की जनुक काढून टाका किंवा दाबून टाका आणि बघा पट्टी जाते का. म्हणजे कंपन्याही धुतल्या तांदळाच्या नाहीत, महागड्याही फसवतात, म्हणून 'महाग घ्या' असं मी म्हणतच नाहीये. पारखून घ्या म्हणतेय.

तर माझ्या मागण्या. परिपत्रकातून अँटीबॉडी हा शब्द काढा, त्याबरोबर एन्झाईम आणि जिवंत पेशीही काढा, आणि यांच्यासाठी मागणीपत्रात कॅटलॉग नंबर लिहायला परवानगी द्या, सोबत तो नंबरच का पाहिजे याचं एका पानाचं कारण आमच्याकडून घ्या. कारण चुकीचं वाटलं तर विषयातल्या माणसाला विचारून नाकारा, पण आम्हाला न विचारता 'समतुल्य' लिहू नका. केंद्र सरकारनं जून २०२५ मध्ये संशोधनाच्या खास वस्तू जेम या सरकारी ऑनलाईन खरेदी पोर्टलच्या बाहेरून घ्यायचा अधिकार संचालक आणि कुलगुरूंना दिलाय, आपल्या राज्याच्या नियमांत तसं काय बसवता येईल ते वित्त विभागानं लेखी कळवावं.

बर्फाचा खोका आला की त्याच तासाला ज्याचा आहे त्याला फोन, शनिवार असो की दिवाळी. नोंद नंतर होऊ द्या, बाटली आधी उणे २० च्या फ्रीजरमध्ये जाऊ द्या. शुक्रवारी माल पाठवू नये ही अट ऑर्डरमध्येच टाका, आणि खोक्यात तापमान दाखवणारी पट्टी असलीच पाहिजे हीसुद्धा. विभागातले फ्रीजर जनरेटरच्या लाईनवर घ्या. याचा अर्ज आमच्या सीनिअर ताईनं दिला होता, ती पीएचडी होऊन गेलीसुद्धा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, तक्रारीची मुदत बाटली संशोधकाच्या हातात पडल्यापासून ६० दिवस धरा, आणि ब्लॉटवरची पट्टी चुकीची निघाली तर बदलून नाहीतर पैसे परत ही अट पुरवठादाराकडून लिहून घ्या. मोठी बाटली घ्यायच्या आधी १० मायक्रोलिटरचा नमुना मागा, बऱ्याच कंपन्या देतात. तोच आमचा गोणपाट. माझी १८ हजारांची फाईल परत उघडा, हे माझ्यासाठी वेगळं मागते.

परिपत्रकावर सही केलेल्या प्रत्येकानं एकदा आमच्या लॅबमध्ये यावं अशीही विनंती आहे. दोन्ही ब्लॉट मी जपून ठेवलेत, शेजारी शेजारी ठेवून दाखवते, समजायला दोन मिनिटं लागतात.

तुमची पुढची बैठक येत्या मंगळवारी आहे असं कळलं. माझ्याकडं अजून दोन गटांचे ४८ नमुने उणे ८० मध्ये पडून आहेत आणि हैदराबादच्या ट्यूबमध्ये ४ मायक्रोलिटर उरलंय. ते एका ब्लॉटला पुरेल. मंगळवारपर्यंत मी ती ट्यूब उघडणार नाही.

आपली,
चौथ्या वर्षाची एक संशोधक विद्यार्थिनी, प्राणीशास्त्र विभाग